तार आणि दवंडी

मे महिन्यात वऱ्हाडातल्या कुठल्याही घरी हा प्रश्न कानावर येतो. "दिवसभरात हंडाभर पाणी पितो, तरी लघवीला दोनदाच जावं लागतं, अन् तीही पिवळीजर्द. मग पाणी जातं कुठं?"

मूर्तिजापूरजवळच्या गावात माझी आजी हाच प्रश्न उलट्या टोकाने विचारायची. भर दुपारी खेळून घरात शिरलो की तिचा पहिला सवाल ठरलेला असे, "काऊन रे, पिवयी होऊन राह्यली का?" हो म्हटलं की माठातलं पाणी, त्यात उकडलेल्या कैरीचा गर, गूळ आणि मीठ. पेला रिकामा होईस्तोवर ती समोरून हलत नसे. हार्मोन हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता, पण आमच्या अंगातल्या एका हार्मोनचा रोजचा अहवाल ती वाचत होती.

तो अहवाल कोण लिहितं, कशासाठी लिहितं आणि अकोल्या-अमरावतीच्या उन्हात आपलं शरीर कुणाच्या हुकमावर चालतं, ते या प्रकरणात पाहू.

1. कातडीचा कूलर

शरीराच्या आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास राहावं लागतं. कातडीचं तापमान त्याहून थोडं कमी, साधारण 35 अंश. हवा 25 अंशांची असेल तर कातडीतली उष्णता आपोआप बाहेर जाते. गरम चहाची बशी जशी निवते, तसंच हे.

आता अकोल्याचा मे महिना घ्या. इथल्या पाऱ्याने 47 अंश ओलांडल्याची नोंद आहे. मे 2024 मध्ये तर जिल्हा प्रशासनाने उन्हापायी जमावबंदीचं कलम 144 लावलं होतं. शिकवणी वर्गांच्या वेळा बदलल्या आणि कामगारांना पाणी व सावली देण्याचे आदेश निघाले. हवा 45 अंश आणि कातडी 35 अंश असली की उष्णतेची दिशाच उलटते. बाहेरची उष्णता आत शिरू लागते. त्यात माणूस काम करत असेल तर स्नायू आतून वेगळीच भट्टी पेटवतात.

अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. तो कसा काम करतो हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही, कारण घरोघरी खिडकीला कूलर लावलेला असतो. ओल्या जाळीतून वारा जातो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जातं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते.

हिशेब करून पाहू. वावरात खोदकाम करणाऱ्या माणसाच्या स्नायूंनी तासाला 300 किलोकॅलरी उष्णता तयार केली आणि उन्हातून आणखी 100 आत आल्या, असं धरू. या 400 किलोकॅलरी बाहेर काढायला तासाला जवळपास पाऊण लिटर घाम वाळायला हवा. सहा तासांत चार लिटरांच्या वर. म्हणजे हंडा गेला कुठं, तर कातडीवाटे हवेत गेला.

गंमत अशी की वऱ्हाडच्या कोरड्या झळांत हा घाम दिसतच नाही. मुंबईत घाम ओघळतो, चिकटतो आणि वाळत नाही, म्हणून माणूस वैतागतो. इकडे तो येता येता वाळून जातो, आणि संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे उरतात. माझ्या मते आपल्याकडचा खरा धोका इथेच आहे. चार लिटर पाणी अंगातून गेलं, याचा पत्ताच लागत नाही.

2. तारेचा निरोप

कूलरला पंप लागतो, आणि पंप चालू करायला बटण. शरीरातलं हे बटण मेंदूच्या तळाशी आहे. बदामाएवढ्या त्या भागाला हायपोथॅलॅमस म्हणतात. तिथल्या काही पेशींना रक्ताची उष्णता कळते, आणि कातडीकडूनही बातम्या येत असतात. रक्त थोडं तापलं की इथून निरोप निघतो, तो मज्जातंतूंवरून.

मज्जातंतू म्हणजे तार. तारेचे गुण दोन. ती जलद असते, आणि जिथे जोडली आहे त्याच घरी निरोप देते. तव्याला बोट लागतं तेव्हा हात मागे येतो आणि चटका मागाहून जाणवतो, कारण निरोप पाठीच्या कण्यापर्यंत जाऊन तिथूनच परत फिरलेला असतो. सगळ्या तारा मात्र सारख्या वेगाच्या नसतात. स्नायूंकडे जाणाऱ्या जाड, वेष्टन असलेल्या तारांवरून निरोप सेकंदाला 100 मीटरच्याही पुढे धावतो. घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या तारा बारीक, बिनवेष्टनाच्या. त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाएवढा. तरीही डोक्यातून तळपायापर्यंत निरोप पोचायला दोन सेकंदही लागत नाहीत.

हा निरोप एकाच वेळी दोन कामं करतो. 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथींना पाणी सोडायला लावतो, आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो. थंडीत कातडीतून मिनिटाला अर्धा लिटरही रक्त वाहत नाही. कडक उन्हात तो आकडा सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. आतली उष्णता रक्तावर लादून बाहेर आणायची आणि घामाने उडवायची, अशी ही जोडी आहे.

पण स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला एकूण पाचच लिटर रक्त ढकलतं. कातडीलाच सहा लिटर हवे असतील तर हृदयाला दुप्पट राबावं लागतं. बसथांब्यावर उन्हात ताटकळलेल्या माणसाला एकाएकी अंधारी येते ती यामुळेच. रक्त कातडीत आणि पायांत पसरलेलं असतं, डोक्याला पुरत नाही. तो खाली पडतो, डोकं आणि हृदय एका पातळीत येतात, आणि त्याला शुद्ध येते. लोक घाईने त्याला उभं करायला धावतात. तसं करू नये. सावलीत आडवंच राहू द्यावं, पाय थोडे उचलावेत.

3. दवंडी

पंप चालू झाला, पण टाकीचं काय? अकोलेकराला हा प्रश्न पटकन कळेल. काटेपूर्णा धरणातलं पाणी उन्हाळ्यात जपून सोडावं लागतं, तसंच अंगातलंही. हे जपण्याचं काम तारेने होत नाही. ते काही क्षणांत उरकणारं नसतं, तासन्‌तास चालू ठेवावं लागतं. त्यासाठी शरीर दवंडी पिटतं.

पूर्वी गावात कोतवाल दवंडी द्यायचा. आवाज सगळ्या आळ्यांत जायचा, पण उठून कामाला लागायचा तो ज्याचं काम असे तोच. शेतसाऱ्याची दवंडी असली तर ज्याला वावर नाही तो ऐकून सोडून देई. हार्मोनचं असंच आहे. ग्रंथीतून ते रक्तात मिसळतं आणि मिनिटाभरात अंगभर फिरतं. ऐकतात मात्र ज्या पेशींना त्या हार्मोनचे कान आहेत त्याच. अशा कानांना ग्राही म्हणतात.

पाणी राखणाऱ्या हार्मोनचं नाव व्हॅसोप्रेसिन. त्याची सुरुवात पुन्हा त्याच हायपोथॅलॅमसमध्ये होते. तिथल्या काही पेशी रक्ताचा खारटपणा सतत चाखत असतात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला विहिरीच्या पाण्याची चव एका घोटात कळते. या पेशींची जीभ त्याहून तिखट आहे. घामाने पाणी गेलं आणि रक्त शेकडा एक इतकं जरी घट्ट झालं, तरी त्यांना ते कळतं. आणि त्या करतात काय? त्या स्वतः मज्जापेशी आहेत, तारा आहेत. त्यांची टोकं खाली वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत उतरतात, आणि तिथे ती टोकं एखाद्या शेजारच्या पेशीला निरोप देण्याऐवजी व्हॅसोप्रेसिन थेट रक्तात सोडतात. तारच दवंडी देते. मज्जासंस्था आणि हार्मोन या दोन वेगळ्या कचेऱ्या आहेत, असं शाळेच्या पुस्तकात वाटतं. इथे त्या एकाच पेशीत बसलेल्या दिसतात.

ही दवंडी मूत्रपिंडं ऐकतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत घेतात. एरवी दीड लिटरच्या आसपास लघवी होते. व्हॅसोप्रेसिन आलं की मूत्रनलिकांच्या भिंतींत पाण्याची बारीक दारं उघडतात, उरलंसुरलं पाणीही रक्तात परत येतं आणि लघवी दिवसाला अर्ध्या लिटरवर येते. पिवळा रंग देणारी द्रव्यं तेवढीच, पाणी मात्र एक तृतीयांश. रंग गडद होणारच. आजी नेमकं हेच विचारत असे.

पाणी प्यायल्यावर रक्त पुन्हा पातळ होतं, व्हॅसोप्रेसिन सुटणं थांबतं, आणि रक्तात असलेलं थोड्याच वेळात ओसरतं. दवंडी थांबली तरी तिचा परिणाम थोडा रेंगाळतो. तारेचा निरोप मात्र क्षणात येतो आणि क्षणात विरतो.

तहान या सगळ्याच्या जरा मागून येते. पाणी राखायला सुरुवात झाल्यावर. म्हणून उन्हात काम करताना तहानेची वाट पाहू नये, हे सांगणं बरोबर आहे. पन्ह्यातल्या गूळ-मिठालाही कारण आहे. आतड्याच्या भिंतीत साखर आणि मीठ एकाच दारातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे जातं. जीवनरक्षक क्षारसंजीवनीचं तत्त्वही हेच. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवतात त्या कांद्याबद्दल मात्र सांगून टाकतो. तो जेवणात खावा. खिशात ठेवून ना तारेला काही कळतं, ना दवंडीला.

4. दहा दिवसांची मुदत

पुण्याहून लग्नासाठी मे महिन्यात आलेला पुतण्या आणि त्याचा अकोटचा काका, दोघे एकाच मांडवाचे बांबू उचलताहेत असं समजा. वय पंचविशी आणि पन्नाशी. तासाभरात पुतण्या डोकं धरून बसतो, काका चालूच. अंगातली ताकद पुतण्याची जास्त आहे. काकाकडे आहे ती उन्हाची सवय, आणि ही सवय म्हणजे हळूहळू काम करणाऱ्या दवंडीची कमाई.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सोडतात. ते मीठ राखतं. व्हॅसोप्रेसिन आधीच तयार असलेली दारं जागेवर आणून बसवतं, म्हणून मिनिटांत काम होतं. अल्डोस्टेरॉन पेशीत शिरून नवी प्रथिनं घडवायला लावतं, म्हणून परिणाम दिसायलाच तासभर किंवा जास्त लागतो, आणि पुरा बदल व्हायला दिवस. ते मूत्रपिंडांना मीठ अडवायला सांगतंच, शिवाय घामाच्या ग्रंथींनाही सांगतं. नवख्याच्या एक लिटर घामातून तीन-साडेतीन ग्रॅम मीठ जाऊ शकतं. सवय झालेल्याचा घाम बराच अळणी होतो, ग्रॅम-सव्वा ग्रॅमपर्यंत येऊ शकतो. राखलेल्या मिठामागे पाणी राहतं, रक्तातला द्रव वाढतो, हृदयाचा ताण उतरतो. तारेचं वागणंही बदलतं. घाम लवकर सुटू लागतो आणि जास्त येतो.

या बदलाला सात ते चौदा दिवस लागतात, तेही रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर. ऊन सुटलं की काही आठवड्यांत सवय मोडते. गेल्या वर्षीचा उन्हाळा या वर्षी कामाला येत नाही.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. चिखलदऱ्याच्या गारव्यातून उतरून परतवाड्याला कामावर आलेला मजूर असो की आजारातून उठलेला हमाल, पहिल्या दिवशी त्याच्याकडून पूर्ण दिवसाचं काम घेणं म्हणजे त्याच्या शरीराने अजून न केलेली तयारी गृहीत धरणं. पहिल्या आठवड्यात अर्धं काम, सकाळ-संध्याकाळच्या वेळा, हा नियम मुकादमाला माहीत असायलाच हवा. पण मजुरी कामाच्या मापावर असते, आणि पहिल्या दिवशी कमी काम करणं कुणाला परवडत नाही.

5. पायाखाली सळसळ

तार आणि दवंडी उन्हापुरत्याच नाहीत. रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या पायाजवळ काहीतरी सळसळतं. तो मागे उडी मारतो. ती उडी तारेची. पण पुढची पाच-दहा मिनिटं छाती धडधडते, हात थरथरतात, तळवे ओले होतात. साप निघून गेला, हे डोळ्यांनी पाहूनसुद्धा. ती दवंडी, अ‍ॅड्रिनलिनची.

इथेही तार आणि दवंडी एकमेकींत मिसळल्या आहेत. अधिवृक्क ग्रंथीचा आतला गाभा मुळात मज्जासंस्थेचाच तुकडा. मेंदूकडून तार तिथपर्यंत येते आणि गाभा अ‍ॅड्रिनलिन रक्तात ओततो. तार एकेका अवयवाला सांगत बसण्याऐवजी एकाच फटक्यात हृदय, फुप्फुसं, यकृत सगळ्यांना जागं करते. हे हार्मोन काही मिनिटांतच उतरतं. म्हणून तर धडधड थांबते.

6. तारेचं शेवटचं टोक

तारेतून वीज धावते, पण शेवटच्या टोकाशी आणि पुढच्या पेशीत बारीकशी फट असते. निरोप ती कसा ओलांडतो? ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यांनी 1921 मध्ये याचं उत्तर शोधलं. प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली, रात्री उठून त्यांनी ती कागदावर खरडली आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडलं तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाचं एक हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवलं आणि त्याला मंदावणारी तार चेतवली. हृदय मंद झालं. मग त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर टाकलं, ज्याची कुठलीही तार चेतवली नव्हती. तेही मंद झालं. म्हणजे तार शेवटी एक रसायन सोडते. ते निघालं अ‍ॅसिटिलकोलिन. लोवी आणि हेन्री डेल यांना 1936 मध्ये नोबेल मिळालं.

घामाच्या ग्रंथींना पाणी सोडायला सांगणारं रसायन हेच. स्नायूंना हलवणारं हेच, लाळ आणि डोळ्यांतलं पाणी सोडणारंही हेच. निरोप पोचला की ते तत्काळ नष्ट व्हावं लागतं. त्यासाठी एक विकर तिथे पहाऱ्यावर असतं, आणि ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत काम उरकतं.

कपाशीवर फवारली जाणारी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं या पहारेकऱ्यालाच बांधून ठेवतात. अळीचा पहारेकरी आणि माणसाचा पहारेकरी सारखेच. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत राहतं आणि निरोप थांबतच नाही. अंग घामाने निथळतं, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, उलट्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. श्वासाचे स्नायू थकले की माणूस जातो.

2017 च्या पावसाळ्याअखेरीस शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. सगळ्यांच्या अंगात एकच औषध नव्हतं. मिश्रणं होती, वेगवेगळ्या गटांची. पण पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडाच्या उंचीवर, आणि हवा दमट-गरम. त्या वेळी पुष्कळांनी म्हटलं, मजूर हातमोजे आणि मुखपट्टी वापरत नाहीत. इथे पहिल्या भागातला कूलर आठवा. प्लॅस्टिकचा अंगरखा घातला की घाम वाळत नाही आणि आतली भट्टी पेटत राहते. माणूस तो उतरवून ठेवतो तो जीव घाबरा होतो म्हणून. आणि घामाने ओली, रक्ताने भरलेली कातडी विष जास्त वेगाने शोषते. त्याला निष्काळजी म्हणणं मला अन्याय वाटतं. फवारणी पहाटे करता येईल आणि तासाभरात माणूस बदलता येईल, अशी व्यवस्था आधी हवी.

उतारा म्हणून डॉक्टर अ‍ॅट्रोपिन टोचतात. ते अ‍ॅसिटिलकोलिनच्या बऱ्याच कानांत बोळे घालतं. निरोप येत राहतो, ऐकू जात नाही. हेच अ‍ॅट्रोपिन धोतऱ्यात असतं, बांधावर उगवणाऱ्या आणि महाशिवरात्रीला महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यात. पोराने धोतऱ्याचं बी खाल्लं तर सगळं उलट होतं. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, कातडी लाल, तापलेली आणि घामाचा थेंब नाही, पोर असंबद्ध बोलतं. पंप बंद पडलेला कूलर. फवाऱ्याच्या विषावर धोतरा देण्याचा विचार मात्र कुणी मनातही आणू नये. किती बियांत किती अ‍ॅट्रोपिन, हे कुणालाच ओळखता येत नाही, आणि एका विषाचं दुसऱ्या विषाने दुणं होतं.

7. ऊन लागलं, गोळी देऊ का?

ताप आणि ऊन लागणं यांत अंग सारखंच तापतं, पण आत घडतं ते वेगळं. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच ठरवतो की आता 39 अंश हवेत. म्हणून अंग तापलेलं असूनही थंडी वाजते आणि माणूस गोधडी मागतो. पॅरासिटामॉल हा ठरवलेला आकडा खाली आणतं. ऊन लागल्यावर आकडा 37 वरच असतो. केंद्र शर्थ करत असतं, पण टाकी रिकामी होत आलेली असते. रक्त इतकं कमी होतं की कातडीला द्यावं की हृदय-मेंदूला, अशी वेळ येते. शरीर कातडीचं रक्त काढून घेतं. त्यासरशी उष्णता आत कोंडते, 40 अंशांच्या वर जाते, माणूस बरळू लागतो. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. म्हाताऱ्या माणसांत कातडी कोरडी पडते, पण काम करता करता कोसळलेल्या तरुण मजुराला घाम येतच असतो. म्हणून घाम आहे, मग काही नाही, असं धरू नये. बरळणं हीच खूण.

अशा वेळी 108 ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत नेऊन अंगभर पाणी ओतायचं, वारा घालायचा, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आणि एक गोष्ट, जी आकड्यांत येत नाही. रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या कामावरच्या बाया सकाळपासून पाणी कमी पितात. आडोसा नसतो, म्हणून. माठ भरलेला, मुकादम पाणी पी म्हणतो, आणि ती ओठ ओले करून पेला ठेवते. दिवसभर तिच्या रक्तात व्हॅसोप्रेसिनची दवंडी चालू असते. संध्याकाळी घरी पोचल्यावर, चूल पेटवण्याआधी ती दोन तांबे पाणी एका दमात पिते. तरी लगेच काही होत नाही. आधी रक्त भरून निघतं, मग पेशी, आणि तोवर मूत्रपिंडं थेंब सोडत नाहीत. पोरं जेवतात, भांडी होतात, अंगणात बाजा टाकल्या जातात. मध्यरात्री कधीतरी ती उठून मोरीकडे जाते, आणि तेव्हा कुठं लघवी फिकी झालेली असते.